बैल कुठाय?

काल प्रयोग संपला आणि मी विंगेत वायरी गुंडाळत बसलो होतो. (रूपांतर, दिग्दर्शन आणि वायरी: मीच.) तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक गृहस्थ तरातरा रंगमंचावर चढून आले. पासवर आलेले, हे आधीच सांगून ठेवतो.

"बसवलंय ते तुम्हीच का?"

"हो," म्हणत मी कौतुक झेलायला मान जराशी खाली घातली.

"बैल कुठाय?"

नाटक म्हणजे ऑपेरा, गाण्यांतून चालणारं नाटक: फ्रेंच संगीतकार बिझेचं 'कार्मेन'. मूळ चार अंकांचं: सैनिक, सिगारेट कारखान्यातल्या बायका, तस्कर, पोरांचा कोरस, अख्खा ऑर्केस्ट्रा. आमच्याकडे पाच गायक आणि वरचा एक सूर दाबला की दबलेलाच राहणारा पियानो.

"अहो, बैल मुळातच नाहीये. बैलाशी झुंज आत होते. बाहेर नुसता जल्लोष ऐकू येतो आणि तेवढ्यात कार्मेननं सोडलेला प्रियकर होझे तिला भोसकतो."

"म्हणजे कापलात."

"मी नाही कापला! बिझेनंच दाखवलेला नाही."

"मी टीव्हीवर पाहिलंय. घोडेसुद्धा होते."

"घोडे आणतात कुणी कुणी."

"म्हणजे घोडेही कापलेत." एवढं म्हणून ते मागे वळले. "अगं, घोडेही कापलेत यांनी!"

घोड्यांवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी, गरज नसताना, इतिहासात शिरलो. 1875 साली पॅरिसमध्ये हे पहिल्यांदा झालं तेव्हा यात चक्क बोलण्याचे संवाद होते. तीन महिन्यांत, 36व्या वर्षी, बिझे गेला. त्यानंतर त्याचा संगीतकार मित्र गिरो यानं त्या संवादांच्या जागी गायची वाक्यं घातली. तेव्हा भव्य मूळ म्हणून जे मिरवतं, त्यातही दुसऱ्याचा हात आहेच. कार्मेनचं ते प्रसिद्ध गाणं, 'हाबानेरा', त्याची चालसुद्धा बिझेनं लोकगीत समजून उचलली आणि ती निघाली इराडियेर या स्पॅनिश संगीतकाराची.

"म्हणजे चोरीच्या मालात काटछाट."

इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकनं 1981 मध्ये चार गायकांत 'कार्मेन' केलं, हा माझा शेवटचा पत्ता.

"त्यांच्याकडे होता बैल?"

राग बैलाचा नाही. दुसऱ्या अंकात तस्करांचं पाच गळ्यांचं गाणं आहे. आमच्याकडे पाचवा गळा होझे करणाऱ्याचाच, आणि होझे तर तेव्हा तुरुंगातून सुटून यायचाय. म्हणून तो तस्कराची टोपी घालून पाठमोरा गातो. शेवटच्या सुरावर टोपी काढून वळतो, की झाला होझे! या एका वळण्यावर मी सात आठवडे घालवले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. अर्थात कुणाच्या येणार? 90 खुर्च्यांत 21 माणसं, त्यातली 13 पासवर. छोटं केलं की "हे काय, एवढंच?" आणि मोठं करायला पैसे मागितले की सगळ्यांचे फोन बंद.

"एखाद्याला शिंगं लावा," गृहस्थ तोडग्यावर आले. "तो पानं उलटणारा मुलगा रिकामाच असतो."

रिकामा? तो दुसऱ्या अंकात अधिकारी झुनिगा होतो, आणि तेवढा वेळ पियानोवाल्या बाई तोंडपाठ वाजवतात. मी हे सांगायला तोंड उघडलं, तर तो मुलगा मागेच उभा.

"मला चालेल, सर."

"बघा!" म्हणत गृहस्थ पायऱ्या उतरले. "बैल आणलात की कळवा. तिकीट काढून येईन."

मी वायरीकडे वळलो. पियानोवाल्या बाई झाकण लावता लावता थांबल्या.

"शिंगं लावली तर मला त्याच्याआडून पान दिसेल ना?"