‘तौरात खोटी’ म्हणणारा फॉरवर्ड

आमच्या परभणीच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला. त्याचं म्हणणं असं : इस्लाम कुराण सोडून बाकी सगळे ग्रंथ खोटे मानतो, यहुद्यांच्या तौरातला तिथं काडीची किंमत नाही, आणि बायबलातल्या गोष्टी कुराणात जशाच्या तशा उतरवल्यात. खोटंही म्हणायचं आणि उतरवूनही घ्यायचं? पाठवणाऱ्यानं स्वतः वाचलं नसावं.

पहिलं घेऊ. मदरशातली पोरं घोकतात ते ईमानाचं वाक्य असं : ‘आमन्तु बिल्लाहि व मलाइकतिही व कुतुबिही व रुसुलिही’, म्हणजे अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ आणि त्याचे प्रेषित यांवर माझी श्रद्धा आहे. यातलं ‘कुतुब’ म्हणजे किताबचं अनेकवचन; आपल्याकडं जुनी माणसं वाचनालयाला कुतुबखाना म्हणत, तेच हे. एका किताबवर भागत नाही. मुसांना (मोझेस) तौरात, दाऊदांना (डेव्हिड) जबूर म्हणजे स्तोत्रं, ईसांना (येशू) इंजील म्हणजे शुभवर्तमान मिळालं, हे मानावंच लागतं. कुराणातल्या सूरा माइदा या अध्यायाची ४४वी आयत तर तौरातमध्ये मार्गदर्शन आणि प्रकाश होता, असं सरळ सांगते.

दुसऱ्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते झाकायचं कशाला? आज हातात असलेली तौरात उतरली तशीच राहिली, असं मुसलमान मानत नाहीत. पण बिघडलं काय, यावर त्यांच्यातच वाद. अकराव्या शतकातले स्पेनचे इब्न हज्म म्हणत, मूळ मजकूरच बदलला. दुसरे म्हणत, शब्द तेच आहेत, अर्थ फिरवला. आणि बुखारी या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बजावते : ग्रंथवाल्यांचं, म्हणजे यहुदी-ख्रिस्त्यांचं, म्हणणं खरंही धरू नका, खोटंही ठरवू नका. ‘काडीची किंमत नाही’ म्हणणारा असं कशाला बजावेल?

राहिलं ‘जशाच्या तशा’. इब्राहीम देवासाठी स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघाले, ती कुर्बानीचीच गोष्ट बघा. बायबलात मुलाचं नाव इसहाक आहे. कुराणात त्या जागी नावच नाही. आज बहुतेक मुसलमान इस्माईल मानतात, पण तबरीसारख्या मोठ्या भाष्यकारानं इसहाकच्या बाजूनं कौल दिला होता. उलट सूरा अंबियाची १०५वी आयत जबूरचं नाव घेऊनच सांगते की पृथ्वीचे वारस नेक बंदे होतील. बायबलातल्या स्तोत्र ३७ मध्ये हीच ओळ सापडते. चोरी करणारा मालकाचं नाव सांगत फिरतो का?

मोहरमच्या दहाव्या दिवशी आम्ही सगळे सवाऱ्या बघायला जातो. शेजारच्या चाची त्या दिवशी रोजा धरतात. का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “मुसा नबी फिरौन राजाच्या तावडीतून सुटले ना, त्याचा. मदिन्यातले यहुदी आधीपासून धरायचे.”