डेन्मार्क. एवढंच?

डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

भाचा आलाय राहायला. राज्यसेवेची तयारी करतोय, दिवसभर अभ्यासिकेत असतो आणि रात्री जेवताना मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून रील बघतो. आज त्यात 'कौन बनेगा करोडपती'ची ती 2011 ची क्लिप आली. मोतिहारीचे सुशील कुमार, समोर अमिताभ, आणि पाच कोटींचा शेवटचा प्रश्न. 16 ऑक्टोबर 1868 ला निकोबार बेटांवरचे हक्क इंग्रजांना विकून कोणत्या सत्तेने भारतातला आपला गाशा गुंडाळला? बेल्जियम, इटली, डेन्मार्क, फ्रान्स. डेन्मार्क! टाळ्या, जल्लोष. भाच्याने उजवा हात आमटीत तसाच ठेवला, डाव्या हाताच्या अंगठ्याने नोट्समध्ये टाइप केलं, 'निकोबार-1868-डेन्मार्क', आणि पुढची रील.

मी म्हटलं, अरे, डेन्मार्कवाले आपल्याकडे करत काय होते? आले कधी, गेले का?

"मामा, एवढंच येतं परीक्षेत. वनलायनर पुरे."

तिडीक गेली डोक्यात. कारण हे वाक्य मी याआधी ऐकलंय, शाळेत. इतिहासाचा तास, दुपारची वेळ. सर फळ्यावर लिहीत होते: पोर्तुगीज, डच, इंग्रज, डॅनिश, फ्रेंच. बाकी सगळ्यांचं पुढच्या पानांवर काही ना काही होतं, कोठी, लढाई, तह, काहीतरी. डॅनिश मात्र त्या एका ओळीत आले आणि तिथेच गायब झाले. मी हात वर करून विचारलं, "सर, मग डॅनिश कुठे गेले?" सर वळले, डस्टर टेबलावर आपटलं, खडूची पूड उडाली. "का रे, तुला त्यांच्याकडे जेवायला जायचंय? पोर्शनला नाही. लिही पुढे." सगळा वर्ग हसला. पुढे कितीतरी दिवस मला 'डॅनिश' म्हणून हाक मारायचे कार्टे.

पोर्शनला नाही म्हणे!

तर जे पोर्शनला नाही ते सांगतो. 1620 मध्ये हे लोक तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तरंगमबाडीला उतरले. किल्ला बांधला, डान्सबोर्ग, अजून उभा आहे समुद्राच्या तोंडावर. पुढे पन्नासेक वर्षांनी तंजावरला कोण आलं? व्यंकोजीराजे. आपल्या महाराजांचे सावत्र भाऊ. म्हणजे हे डेन्मार्कवाले ज्या दरबाराला वर्षासन भरत होते, तो दरबार मराठ्यांचा झाला. त्याच तरंगमबाडीत 1750 ला श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री उतरला, आणि त्याच्या देखरेखीखाली वाढलेला मुलगा म्हणजे सरफोजीराजे दुसरे. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांनी नावारूपाला आणलं ते. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा एवढा मोठा मराठी शिलालेख ज्यांनी 1803 मध्ये कोरून घेतला ते. त्याच राजाने श्वार्ट्झ गेल्यावर त्याचं संगमरवरी स्मारक थेट इंग्लंडमध्ये, फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करून घेतलं. आपण तंजावरला जातो, मंदिर बघतो, फिल्टर कॉफी पितो, 'अय्या, इथे मराठी!' म्हणून फोटो टाकतो. तिथून तरंगमबाडी दोन-तीन तासांवर, पण तिकडे कोण वळतो?

अजून आहे. कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर 1755 पासून डॅनिशांकडे होतं. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांना फिरकू देत नव्हतं, म्हणून विल्यम कॅरी 1800 मध्ये तिथे, डेन्मार्कच्या झेंड्याखाली जाऊन राहिला आणि छापखाना काढला. 1805 मध्ये त्याचं मराठीचं व्याकरण निघालं ते श्रीरामपूरला. 1810 मध्ये कोश, तोही तिथलाच, आणि त्यातले मराठी शब्द चक्क मोडीत छापलेले. मदतीला वैजनाथ पंडित. तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती, आणि मराठीचं व्याकरण छापलं जात होतं हुगळीच्या काठी, डॅनिशांच्या गावात! हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. तुमच्याही येत असेल, नाहीतर तुम्ही माझ्या यादीत कशाला असता.

कॅरी काही मराठीवरच्या प्रेमापोटी आला नव्हता, त्याला धर्म पसरवायचा होता, हे मलाही कळतं. कमेंटमध्ये कृपया शिकवू नका.

1845 ला डॅनिशांनी तरंगमबाडी आणि श्रीरामपूर इंग्रजांना विकून टाकलं. साडेबारा लाख रुपयांत. दोन गावं, किल्ला, सव्वादोनशे वर्षांचा व्यापार, सगळं मिळून साडेबारा लाख. उरलेल्या बेटांवरच्या एका प्रश्नाला आपण पाच कोटी दिले. महागाई, दुसरं काय!

आता त्या बेटांचं. 1756 मध्ये त्यांनी निकोबारला 'न्यू डेन्मार्क' नाव ठेवून वसाहत थाटली आणि हिवतापाने माणसं पटापट मेली. सोडून गेले, परत आले, परत मेले. मध्येच 1778 मध्ये ऑस्ट्रियावाल्यांना वाटलं बेटं रिकामीच आहेत, त्यांनी आपला झेंडा रोवला. रिकामी! तिथे निकोबारी राहत होते, शोंपेन राहत होते, शेकडो वर्षं. त्यांना ना ऑस्ट्रियाने विचारलं, ना डेन्मार्कने, ना 1868 ला विकत घेणाऱ्यांनी. या सगळ्यातलं आपल्या पदरात काय पडलं, तर चार पर्याय आणि टाळ्या.

बरं, भाच्यावर फार चिडून उपयोग नाही, हेही लिहिता लिहिता जाणवतंय. पोरगं पहाटे उठतं, जागा मूठभर, फॉर्म भरणारे लाखांनी. त्याने तंजावरच्या भोसल्यांत रमायचं ठरवलं तर पूर्वपरीक्षा कोण काढणार, मी? आमच्या सरांनाही वर्गात साठ-सत्तर टाळकी, वर जनगणना आणि निवडणुकीची ड्युटी. ठीक आहे. पण तरी 'मलाही ठाऊक नाही रे, बघू' एवढं म्हणायला पोर्शन आड येत नाही. डस्टर आपटायची गरज नव्हती.

आणि सुशील कुमारांबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही. मनरेगात कॉम्प्युटर ऑपरेटर, महिन्याला सहा-साडेसहा हजार पगार, आणि हा माणूस डेन्मार्कपर्यंत पोचतो. 2020 मध्ये त्यांनी स्वतःच फेसबुकवर लिहिलं होतं की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सर्वांत वाईट होता. पुढे त्यांनी चंपारणमध्ये चाफ्याची रोपं लावायची मोहीम काढली, नंतर भरतीची परीक्षा देऊन शिक्षक झाले. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. त्यांच्या वर्गात कुणी डॅनिशांचं विचारलं तर ते डस्टर आपटणार नाहीत, एवढी खात्री आहे.

पण आपलं काय? 2019 ला आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या, तेव्हा या फेसबुकवर नुसता गुलाल होता. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई, अभिमान, हार्ट, फुलं. मीही टाकली, रास्तच होतं. त्यांचा कोटीचा प्रश्नही इतिहासाचाच होता: 'दास्तान-ए-गदर' बहादूरशहा जफरच्या दरबारातल्या कोणत्या शायराने लिहिलं? जहीर देहलवी. ताईंना येत होतं. अभिनंदनाच्या त्या शेकडो पोस्टींत एकाने तरी विचारलं का, की हा जहीर कोण? दिल्लीत 1857 ला डोळ्यांदेखत सगळं बेचिराख झालेलं बघून जीव वाचवत पळालेला माणूस तो, आणि ते सगळं त्याने म्हातारपणी लिहून ठेवलं. पण उत्तर बरोबर आलं ना, मग झालं. पोर्शन संपला.

काही जण म्हणतील, निदान टीव्हीमुळे लोकांना डेन्मार्क तरी कळलं. बरं, कळलं.

पण मग आताचं घ्या. ग्रेट निकोबारचा प्रकल्प रोज बातम्यांत आहे, भाच्याच्या 'चालू घडामोडी'तही आहे: गॅलाथिया बे, ट्रान्सशिपमेंट पोर्ट, लेदरबॅक कासवं. गॅलाथिया हे नाव आलं कुठून? डॅनिश जहाजाचं आहे ते. 1846 मध्ये कॅप्टन स्टीन बिले ते घेऊन निकोबारला आला होता. म्हणजे पोराच्या फोनमध्ये इतिहासाच्या नोट्समध्ये डेन्मार्क, चालू घडामोडींत गॅलाथिया, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. तेव्हा शोंपेनना कुणी विचारलं नाही हे एका फाईलमध्ये, आणि आज त्यांना किती विचारलं जातंय हा वाद दुसऱ्या फाईलमध्ये. अशी मुलं उद्या अधिकारी होऊन निकोबारच्या फायलीवर सही करणार. हुशार आहेत हो, वाद नाही. माझ्या भाच्याइतकं पाठांतर मला सात जन्मांत जमणार नाही.

असो. रागाच्या भरात रेल्वेचं वेळापत्रक बघून ठेवलंय. जानेवारीत तरंगमबाडीला जातोय, चेन्नईहून मयिलादुतुराईपर्यंत रेल्वे, पुढे बस. येताना तंजावर. कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा, तिकिटं एकत्र काढू. प्रवासात प्रश्न कितीही विचारा, फक्त चार पर्याय देऊ नका.