बिनपगारी, पण पर्मनंट

आधी हिशेब करून घ्या. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांसाठी ४३. एकविसाव्या वर्षी बी.कॉम. झालात तर उमेदवारीची सतरा वर्षं हक्काची, आणि जातीचा दाखला असेल तर बावीस. एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला एवढी खात्री कुठली? वर्षात २४० दिवस भरले की त्याला कायद्याचा थोडा आधार मिळतो, म्हणून ठेकेदार सातव्या महिन्यातच ‘ब्रेक’ देतो. तुमच्या उमेदवारीला ब्रेक नाही. तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात बसून नोकरी शोधणं हीच कायमची नोकरी समजा आणि ती मन लावून करा.

पहिलं काम दाखल्यांचं. डोमिसाईल, उत्पन्नाचा, जातीचा, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर, एमएस-सीआयटी, टायपिंग मराठी ३० आणि इंग्रजी ४०. हे सगळं एका दमात काढू नका. तसं केलंत तर सगळे दाखले एकाच दिवशी वैध असण्याचा धोका असतो. नॉन क्रिमिलेअरला तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडले की मुदतही तीन वर्षांची मिळू शकते, म्हणून तुम्ही एकाच वर्षाचा जोडा. ३१ मार्चला तो संपेल, जाहिरात एप्रिलमध्ये येईल आणि तहसील कार्यालयाशी असलेलं तुमचं नातं टिकून राहील.

जात वैधतेला मात्र जन्म द्यावा लागतो. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबा ‘बाळा विठू’ असतात, आडनावाचा रकाना कोरा. पुढे मुंबईला गिरणीत लागले तेव्हा मुकादमाने गावाच्या नावाला ‘कर’ जोडून त्यांना ‘बाळकृष्ण विठ्ठल अमुककर’ केलं. आता हे दोन इसम एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करा. जात पडताळणी समितीला ते पुरत नाही. मग कोतवाल बुकात, म्हणजे गावाच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीत, पणजोबांच्या जन्माची नोंद शोधा. ती मोडीत निघाली तर मोडी वाचणारा शोधा. त्याच्याकडे रांग असते, कारण या सगळ्या प्रकारात ज्यांना खरोखर काम लागलं अशा मोजक्या लोकांपैकी तो एक आहे. बाकीचे म्हणजे झेरॉक्सवाला, स्टॅम्पव्हेंडर आणि क्लासवाला.

अर्ज भरायचा तो शेवटच्या दिवशी, रात्री दहानंतर. वाडीत रेंज नसते, त्यामुळे ओटीपी घ्यायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जावं लागतं. सोबत एक माणूस आणि टॉर्च असू द्या. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, आणि सही काळ्या शाईने, इंग्रजी मोठ्या अक्षरांत नको. निळ्या पेनाने करून स्कॅन केलीत की अर्ज बाद होण्याची शक्यता राहते, आणि एवढी सोपी शक्यता हातची घालवू नये. पैसे गेले पण पावती आली नाही, तर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा गेले तरी पावती येईलच असं नाही. हेल्पलाईन सकाळी दहाला सुरू होते, मुदत रात्री बाराला संपलेली असते.

शुल्काबद्दल कुरकुर नको. २०२३ च्या तलाठी भरतीला जागा ४,६४४ होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. गुणाकार तुम्हीच करा, अंकगणित तसंही अभ्यासक्रमात आहे. त्याच परीक्षेत सामान्यीकरणानंतर, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांतले सोपे-अवघड पेपर एका पातळीवर आणण्याच्या गणितानंतर, २०० पैकी २१४ गुणसुद्धा पडले. तेव्हा पैकीच्या पैकीचं ध्येय ठेवून अभ्यास करणारे मागे राहतात, हे क्लासच्या पहिल्याच दिवशी सरांना विचारून घ्या. जिल्हा परिषदेची तर पद्धतच वेगळी. मार्च २०१९ मध्ये जाहिरात आली, अर्ज झाले, बहुतेक पदांची परीक्षा न होताच ती भरती रद्द झाली आणि २०२३ मध्ये नवी जाहिरात, नवं शुल्क. या चार वर्षांत तुम्ही बेकार नव्हता, ‘प्रक्रियेत’ होता. लग्नाच्या बैठकीत हा शब्द वापरा. ‘तुमचो झील काय करता?’ याला ‘परीक्षा देता’ हे उत्तर तिशीपर्यंत चालतं. त्यानंतर ‘मुंबईक असता’ म्हणायचं आणि मुंबईजवळ दिव्याला चुलतभावाच्या खोलीत महिनाभर राहून यायचं.

अभ्यासाचा कंटाळा आला तर जहाज. किनाऱ्यावर प्रत्येक तालुक्यात एक तरी एजंट असतो, पांढरा शर्ट, हातात दोन फोन, आणि ‘वरपर्यंत ओळख’. त्याला पैसे रोख द्या. पावती मागू नका, माणूस दुखावतो. तो बेसिक एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावरच्या प्राथमिक सुरक्षेचे, थोड्या दिवसांचे कोर्स करवील आणि सांगेल की झालात खलाशी. तेव्हा मान्यताप्राप्त संस्थेतला सहा महिन्यांचा जी. पी. रेटिंग कोर्स कशाला असतो, असं विचारून त्याला अडचणीत आणू नका. तो सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, हातात ठेवेल, ती कुठल्या देशाची आहे हे उलटून बघू नका. त्याच्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, आहे का, हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं, म्हणून तिकडे फिरकूच नका. परवानाधारक कंपनीला नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत, हा नियम तर विसरूनच जा, नाहीतर एजंट करणार काय? जॉइनिंग लेटरवर जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, नसेल आणि व्हिसा टुरिस्टचा असेल, तर समजावं की पगार शोधायला तुम्हाला आता परदेशात जायचं आहे. घरच्यांनी त्यासाठी काजूची बाग गहाण टाकली असेल तर सीझन संपेपर्यंत फोन करू नका.

रोजगार मेळावे चुकवू नका, जेवण असतं. तिथे मंत्र्यांच्या हस्ते जे ‘नियुक्तीपत्र’ मिळतं, त्यातलं बरंचसं शिकाऊ उमेदवारीचं असतं आणि मुदत संपल्यावर शिकाऊला कामावर ठेवण्याचं बंधन मालकावर नसतं. फोटो मात्र छान येतो. २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांची झाली. ग्रामपंचायतीत बसून तुम्ही दुसऱ्या बेकारांचे अर्ज ऑनलाइन भरता. बाराव्या महिन्यात तुमचा तिसरा कोणीतरी भरतो.

प्रकल्प येणार आहे, या आशेवरही चांगले दिवस जातात. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१७ ला निघाली, २०१९ ला रद्द झाली, मग बारसूचं नाव आलं. अशा वेळी घरातल्या एकाने समर्थक समितीत आणि एकाने विरोधी समितीत जावं. चहा दोन्हीकडे मिळतो.

‘नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा’ असं भाषणात ऐकून पेटून उठला असाल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्ज करा. अनुदान १५ ते ३५ टक्के, आणि ते तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं, हे आधी कोणी सांगत नाही. आंबा पल्पचं युनिट, मशीनचं कोटेशन, प्रकल्प अहवाल, सगळं होईल. मग शेडसाठी जागेचा पुरावा मागतील. सातबारा काढा. त्यावर चाळीस नावं असतील. त्यातली बारा मयत, त्यांचे वारस लागलेले नाहीत, वीसजण परळ ते नालासोपारा पसरलेले, दोन आत्या लग्न होऊन गेलेल्या, आणि एक काका पंचवीस वर्षांपूर्वी रागावून गेलेले, पण नाव आहे. संमतीपत्रासाठी गणपतीत सगळे एकत्र येतात तेव्हा विषय काढा. आरतीनंतर काढलात तर निदान प्रसाद मिळेल. पहिला प्रश्न येईल, ‘तुलाच कशाला?’ त्याचं उत्तर आजवर एकाही प्रकल्प अहवालात सापडलेलं नाही.

काही ठिकाणं मात्र या करिअरला घातक आहेत. बांद्याच्या पलीकडे गोवा लागतो. सरकारी नोकरीला तिथे १५ वर्षांचं वास्तव्य आणि कोकणी भाषा मागतात, त्यामुळे तो धोका नाही, पण खासगी कारखाने कसलं डोमिसाईल विचारत नाहीत. सावंतवाडी-दोडामार्गातली मुलं रोज बाईकने जातात आणि चक्क पगार घेऊन येतात. हंगामात आंब्याच्या बागांकडेही जाऊ नका, राखणीला गुरखा नेपाळहून येतो आणि बागायतदार त्याची वाट बघत बसलेला असतो. चिरेखाणीवर कर्नाटकातली माणसं. या कामांना पीएफ नाही, विमा नाही, पोरगी देणारा सासरा नाही, म्हणून आपली मुलं जात नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. मालक मात्र ‘इथल्यांका काम नको’ म्हणून मोकळा होतो. पीएफ देऊन बघूया, असं त्याच्या मनात अजून आलेलं नाही.

सगळ्यात जपायचं ते १ ऑगस्टला. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपते, बोटींना रंग लागलेला असतो, बर्फ भरला जातो, डिझेल चढतं, आणि ॲडव्हान्स घेतलेले निम्मे खलाशी नेपाळहून आलेलेच नसतात. मालक फोन लावून लावून घायकुतीला आलेला असतो, तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य खलाशी, जेटीवर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे आशेने बघत असतो. त्या आठवड्यात मिरकरवाड्याकडे, हर्णैकडे किंवा मालवणच्या बंदराकडे चुकूनही फिरकू नका. कोणीतरी उचलून कामाला लावेल आणि चौदा वर्षांची सेवा वाया जाईल.