321 सालच्या हुकमाबद्दल खुलासा

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतोय: ‘सन 321 पर्यंत सगळे ख्रिस्ती शनिवारीच उपासना करत, मग रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनने रविवार लादला.’ हे खरं नाही.

हुकूम निघाला होता, 7 मार्च 321 रोजी. पण तो सुट्टीचा. न्यायाधीश, शहरातले लोक, कारागीर यांनी रविवारी काम बंद ठेवावं. शेतकऱ्यांना पेरणीची, द्राक्षवेली लावायची मोकळीक. उपासनेबद्दल त्यात अक्षर नाही. त्याच्या सुमारे 170 वर्षं आधीच जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोममध्ये लिहून ठेवलंय: ख्रिस्ती लोक रविवारी जमतात, शास्त्रवाचन होतं, प्रार्थना होते, भाकर वाटली जाते, कारण येशू त्याच दिवशी मरणातून उठला. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ 20:7 मध्येही शिष्य भाकर मोडायला जमले ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी.

म्हणून शनिवार पाळणाऱ्यांना मात्र कुणी हिणवू नये. आपल्या पुण्यातच औंध रोडला ॲडव्हेंटिस्टांचं, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं, स्पायसर विद्यापीठ आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, सुरू. दहा आज्ञांत सातवाच दिवस, म्हणजे शनिवार, सांगितलाय, हा त्यांचा मुद्दा वचनातला आहे. त्याला या खोट्या इतिहासाचा टेकू नकोच.

संदेश पुढे पाठवला असेल, तर कृपया त्याखाली हेही पाठवा.