ती घोणस अळी नव्हती

आज सकाळी देवासाठी तगरीची फुलं काढायला खाली गेले, तर झाडाभोवती सात-आठ जण गोळा झालेले. मध्ये फरशीवर हिरवा लगदा. आमच्याच विंगमधल्या एका काकांनी चपलेनं अळी चिरडली होती आणि सगळ्यांना सांगत होते, "घोणस अळी आहे, चावली की माणूस जातो."

घोणस अळी नव्हती हो ती! कण्हेरीवरच्या पतंगाची अळी होती. बोटाएवढी जाड, पोपटी, कडेनं पांढरे बारीक ठिपके, शेपटाशी आखूड पिवळसर शिंग आणि मानेपाशी दोन निळे डोळे. ते खरे डोळे नव्हेतच, नुसते ठिपके. धोका वाटला की ती डोकं आत ओढून घेते, मग ते ठिपके फुगतात आणि टिपायला आलेली चिमणी बिचकते. तिला ना काटे, ना नांगी. मी लहानपणी तळहातावर खेळवलीय.

2022 च्या पावसाळ्यात घोणस अळीच्या किती अफवा फिरल्या, आठवतंय ना? तिचे काटे लागले की आग होते, हे मान्य. सोसायटीत लहान मुलं आहेत, तेही मान्य. पण म्हणून दिसेल ती अळी चपलेखाली घ्यायची? आधी दोन मिनिटं थांबून बघावंसं कुणालाच वाटू नये?

माझे अप्पा थांबले होते.

मी सहावीत होते. अप्पा चादरीच्या कारखान्यात रातपाळीला. साखर पेठेतून डबा घेऊन मी आणि भाऊ गेलो, तर ट्यूबलाइटखाली चुन्याच्या भिंतीवर हा पतंग बसलेला. पंख पसरलेले, माझ्या अख्ख्या तळव्याहून रुंद. कुणीतरी त्याला हाणायला पंचा उचलला. अप्पांनी चालता माग बंद केला. नगावर मजुरी होती तेव्हा, माग थांबला की पैसे थांबले. तरी बंद केला, जवळ गेले आणि मला म्हणाले, "तीन हिरवे हायत बघ. एक कुठं संपतो अन् दुसरा कुठं सुरू होतो, सांग बरं."

मला सांगता आलं नाही. आजही येणार नाही. गर्द हिरवा, शेवाळी, फिका हिरवा, मधून गुलाबी आणि दुधाळ पट्टे, आणि पंखाच्या मुळाशी पांढऱ्या डागात एक गडद ठिपका. आयुष्यभर जकार्डवर चादरी विणणारा माणूस त्या पंखांपुढे हात मागे बांधून उभा होता. मग त्यांनी त्याला पुठ्ठ्यावर घेतलं आणि हौदाजवळच्या कण्हेरीवर नेऊन सोडलं.

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं 1758 मध्ये त्याला नेराय हे नाव दिलं, आज त्याचं पूर्ण शास्त्रीय नाव डॅफ्निस नेराय. नेराय हे कण्हेरीच्या शास्त्रीय नावावरूनच आलंय. कण्हेरीला गुरं तोंड लावत नाहीत, इतकी विषारी. या पतंगाची अळी तीच पानं खाऊन वाढते. तगर आणि सदाफुलीही खाते. चार-पाच दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या सोलापुरात दुसरं काय तगतं? दारात कण्हेर, हायवेच्या दुभाजकात कण्हेर. म्हणजे हा पतंग काही जंगलातून आलेला पाहुणा नाही, आपल्याच गल्लीतला आहे. दिवेलागणीला फुलासमोर हवेतल्या हवेत थांबून लांब सोंडेनं मध पितो. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी बघितला असेल, चिमणीसारखं काहीतरी भुर्रकन गेलं म्हणून सोडून दिला असेल.

दुपारी ग्रुपवर हे सगळं समजावून लिहिलं. फोटोही टाकला. उत्तर आलं, "रविवारी 9 वाजता फवारणी, गाड्या काढून ठेवाव्यात." बास. चार पानं कुरतडलेली दिसतात म्हणून सगळ्या झाडांवर विष! झाड ओकंबोकं दिसतं खरं, पण पंधरा दिवसांत परत फुटतं ना!

संताप झाला होता, म्हणून लिहायला बसले. आता लिहिता लिहिता ते काकाच डोळ्यांसमोर येतायत. नात शेजारी उभी होती त्यांच्या, हात घट्ट धरला होता तिचा. घाबरलेच होते ते. त्यांना कुणी पुठ्ठ्यावर उचलून दाखवलाच नसेल कधी.

अळी पूर्ण वाढली की तपकिरी पडते, झाडावरून उतरते आणि खालच्या वाळल्या पाल्यात कोष करते. आमच्याकडे तो पाला रोज झाडून कचरागाडीत जातो. आज झाडूवाल्या मावशींना सांगून तगरीखालचा सगळा पाला दोन पोत्यांत भरून घेतला आणि गॅलरीत आणून ठेवलाय. कोष आहे की नाही, उपसून पाहिलं नाही. धक्का लागायला नको. पोत्यांची तोंडं उघडी ठेवलीत आणि गॅलरीतला दिवा आजपासून लावायचा नाही, असं घरात सांगून ठेवलंय.