काडी पेटवून चामडे पारखता येत नाही

चामड्याचा पट्टा कसा पारखावा आणि कसा जपावा, हे सांगणारा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर वारंवार पुढे पाठवला जातो. पट्ट्याला काडी लावा, खरे चामडे पेटत नाही आणि केस जळल्यासारखा वास येतो. पाण्याचा थेंब टाका, खरे चामडे तो शोषून घेते. मागे 'जेन्युइन लेदर' असा शिक्का असेल तर डोळे झाकून घ्या. दर महिन्याला खोबरेल तेल चोळून पट्टा उन्हात ठेवा आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, म्हणजे तो आयुष्यभर टिकेल, असा त्याचा आशय आहे. यातल्या काही सूचना निरुपयोगी आहेत आणि काहींमुळे चांगल्या पट्ट्याची नासाडी होते.

प्रथम काडीचा मुद्दा घेऊ. चामडे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे असते आणि ते जळते. जाड पट्टी लगेच ज्वाला धरत नाही, एवढेच खरे आहे. वासाची खूणही फसवी आहे. कारखान्यातली कातरण आणि भुकटी दळून, तीत चिकटद्रव्य मिसळून जे 'बाँडेड लेदर' लाटले जाते, त्यातही चामड्याचे तंतू असतातच. म्हणून तेही जळताना केसांसारखाच वास देऊ शकते आणि या परीक्षेत उत्तीर्ण होते. उलट उत्तम कातड्यावर पॉलियुरेथेनचा संरक्षक लेप असेल, तर आधी तो लेप वितळून प्लॅस्टिकचा वास येतो आणि अस्सल माल नकली ठरतो. शिवाय विकत घेण्याआधी दुकानातल्या पट्ट्याला काडी लावू कोण देणार?

पाण्याच्या थेंबाचेही तसेच आहे. थेंब शोषला जातो की नाही, यावरून पृष्ठभागावर लेप आहे की नाही इतकेच कळते. ऑफिसात वापरायच्या गुळगुळीत पट्ट्यांवर बहुधा लेप असतोच, आणि लेप नसलेल्या कातड्यावर त्या थेंबाचा डाग मात्र राहू शकतो.

शिक्क्याबद्दल अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वाधिक फसगत इथे होते. 'जेन्युइन लेदर' ही दर्जाची पायरी नाही. वस्तू चामड्याची आहे, एवढेच ते शब्द सांगतात. कातड्याचा वरचा थर सर्वांत घट्ट विणीचा असतो. तो न घासता राखला तर त्याला 'फुल ग्रेन' म्हणतात. तो वेगळा काढल्यावर खाली उरणारा सैल तंतूंचा थर म्हणजे 'स्प्लिट', ज्यावर जाड लेप चढवून कृत्रिम पोत उमटवतात. शिक्का या दोन्हींवर प्रामाणिकपणे मारता येतो. त्यामुळे हा शिक्का हलक्या मालाचीच खूण आहे, हा उलट बाजूने सांगितला जाणारा दावाही बरोबर नाही.

मग पाहावे काय? कडा पाहावी. ऑफिसच्या पुष्कळ पट्ट्यांचे बक्कल स्क्रूने किंवा दातेरी पकडीने बसवलेले असते, कारण लांबी कमी करताना त्याच बाजूने कापायचे असते. ते बक्कल दुकानदाराला उघडायला सांगावे. आत दडलेले टोक बहुधा रंग न दिलेले असते. एकसंध कातड्यात वरच्या बाजूचे तंतू इतके दाट असतात की वेगळे दिसत नाहीत, खाली ते हळूहळू सैल होत जातात आणि मध्ये कुठेही जोडाची रेघ नसते. हलक्या पट्ट्यात वर रंगीत पापुद्रा, मध्ये पुठ्ठ्यासारखा करडा भराव आणि खाली पातळ अस्तर असे थर स्पष्ट दिसतात. दोन पातळ कातडी जोडून शिवलेला पट्टा वाईटच असतो असे नाही, औपचारिक पट्टे असेही बनवतात. प्रश्न आत काय भरले आहे याचा आहे. जीन्सवर वापरायचा एकेरी पट्टा मात्र साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचा असावा.

आता खोबरेल तेल. हा सल्ला आपल्याकडे पटतो, कारण कोल्हापुरी वहाणांना तेल पाजण्याची जुनी रीत आहे आणि ती योग्यच आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले ते जाड, कडक कातडे पायाला लागू नये म्हणून मऊ करावे लागते. पट्ट्याला मात्र ताठपणा हवा असतो. वरचेवर तेल दिल्यास लेप नसलेला पट्टा काळवंडतो, लिबलिबीत होतो आणि त्याची भोके ओढली जाऊन लांबट होतात. लेप असलेल्या पट्ट्यात तेल मुरतच नाही, ते वर राहून धूळ धरते. एरवी कोरड्या फडक्याने पुसणे आणि वर्षातून एकदा-दोनदा चामड्याच्या क्रीमचा पातळ हात देणे पुरेसे आहे.

ऊन आणि प्लॅस्टिक हे दोन्ही सल्ले सरळ हानिकारक आहेत. भिजलेले कातडे उन्हात झपाट्याने सुकले की तंतू एकमेकांना चिकटून ते कडक होते आणि घडीवर चिरते. म्हणून ते सावलीत, हवेशीर जागी वाळवावे. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात बुरशीला तेवढे पुरते. त्यापेक्षा पट्टा बक्कलाच्या आधारे टांगावा किंवा सैल गुंडाळी करून सुती पिशवीत ठेवावा.

राहिला आयुष्यभर टिकण्याचा दावा. हलक्या पट्ट्यावरचा पॉलियुरेथेनचा जाड लेप दमट हवेत रासायनिकरीत्या विघटित होऊ शकतो, त्यामुळे कपाटात नुसता पडून राहिलेला असा पट्टाही काही वर्षांत पापुद्रे टाकू लागतो. त्याला तेल, पॉलिश, ऊन यांपैकी कशानेही जोडता येत नाही. एकसंध कातड्याच्या पट्ट्याचे बक्कल मात्र कोपऱ्यावरचा चर्मकार बदलून देतो, उसवलेला टाका पुन्हा घालतो आणि कंबर वाढली तर नवे भोकही पाडून देतो.