व्याकरण तपासायला नाही जात तिथे

रायटिंग सेंटरवरचा, म्हणजे विद्यार्थ्यांना आपलं लिखाण सुधारायला मदत करणाऱ्या कॉलेज-विद्यापीठातल्या केंद्रावरचा, एक लेख वाचला. त्यात ते म्हणजे कच्च्या मुलांची शिकवणी असल्यासारखं लिहिलंय, ते काही पटलं नाही. मी पण एमएला असताना असंच समजायचो, म्हटलं आपली भाषा बरी आहे, आपल्याला काय गरज, मग पहिल्याच असाइनमेंटवर सरांचा शेरा, "माहिती भरपूर, मुद्दा कुठाय?" तेव्हा गेलो गुपचूप. तिथल्या मॅडमनी लाल पेन हातातच घेतलं नाही, म्हणाल्या प्रत्येक परिच्छेद काय सांगतोय ते समासात एका ओळीत लिही, आणि लिहायला बसलो तर तीन परिच्छेदांत तेच ते आणि एकात काहीच नाही, माझं मलाच हसू आलं. याला रिव्हर्स आउटलाइन म्हणतात हे नंतर कळलं.

प्लेजरिझमचंही, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देण्याचंही तसंच, गैरसमजच जास्त, बरीच मुलं मुद्दाम चोरी करत नाहीत हो, चार शब्द बदलले की झालं आपलं असं वाटतं त्यांना, स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी संदर्भ द्यावाच लागतो हे कुणी नीट सांगतच नाही.

फक्त डेडलाइनच्या आदल्या रात्री सेंटरमध्ये जाऊ नका, तेव्हा नुसते स्वल्पविराम दुरुस्त होतात. आणि पैसे घेऊन अख्खा निबंध लिहून देणाऱ्यांना 'सपोर्ट' म्हणू नका प्लीज.